माळेतली गणती

एका राज्यात शहाणपण फार माजलं होतं. तिथल्या हेमकेतू राजाने कालघोष जादूगाराकडे वर मागितला, "माझ्या प्रजेला कोणी फसवू नये. कोणाची कोणाशी किती वेळा गाठ पडणार, हे ज्याचं त्याला आधीच कळावं."

"तथास्तु," कालघोष म्हणाला. "पण ज्या दिवशी तुझ्या राज्यात कोणी कोणाच्या मदतीला जाणार नाही, त्या दिवसापासून तू दगड होऊ लागशील."

राजा हसला. असं कधी होईल का, त्याला वाटलं.

त्या राज्यात सावडीची रीत होती. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. आता प्रत्येकाला कळलं, की शेजाऱ्याशी आपली सावड बाराच वेळा होणार. बाराव्या वेळी तो राबून घेईल आणि फिरकणार नाही, कारण तेराव्याची त्याला भीती नाही. मग अकराव्या वेळी मी का जावं? मग दहाव्या वेळी त्याने का यावं? असे उलटे मोजत सगळे पहिल्या दिवसापाशी आले आणि घरीच बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पिकं उभी वाळली. राजाचे पाय दगडाचे झाले, मग कंबर, मग छाती.

राजकन्या चित्ररेखेला अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. तेव्हा एक साळुंकी खिडकीत येऊन बोलली, "कालघोषाच्या गुहेत दोन तोंडांचा रांजण आहे. तू आणि तो, दोघांनी त्यात एकाच वेळी पाणी ओतलं तर तुझा बाप सुटेल. दगड ओठांवर चढला, तर मात्र तो गेला." राजकन्या तशीच अनवाणी निघाली.

कालघोष गुहेत एकटाच बसला होता. त्याच्या गळ्यात मण्यांची माळ होती. राजकन्येने येण्याचं कारण सांगितलं. रांजणाच्या दोन तोंडांमधे पडदा सोडून तो म्हणाला, "डाव तीन. एकानेच ओतलं, तर ओतणारा दगड होऊ लागेल आणि दुसऱ्याचं आयुष्य वाढेल. कोणीच ओतलं नाही, तर काहीच होणार नाही."

पहिल्या डावात तिने ओतलं. त्याने ओतलं नाही. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दगडाचा झाला.

"मुली," तो म्हणाला, "तिसऱ्यानंतर चौथा डाव नाही. म्हणून तिसऱ्यात मी ओतणार नाही, म्हणून दुसऱ्यात नाही, म्हणून पहिल्यातही नाही."

दुसऱ्या डावात तिनेही हात आखडला. काहीच झालं नाही. साळुंकी उडत गेली, उडत आली. "दगड हनुवटीला लागला," तिने सांगितलं. राजकन्येला रडू फुटलं. ती फार भ्याली होती.

"ही गणती कुठे असते?" तिने विचारलं.

"या माळेत. साऱ्या राज्याची."

तिने पडद्याआड हात घातला, माळ हिसकली आणि गुहेतल्या अथांग भेगेत टाकली. त्या क्षणी साऱ्या राज्यातली गणती पुसली गेली. कालघोषाची सुद्धा.

"हा कितवा डाव?" त्याने गोंधळून विचारलं. "अजून किती उरले?"

"मलाही ठाऊक नाही. तुम्ही ओताल तर पुढे मी ओतीन, राखाल तर राखीन. या खेपेला मात्र मी ओतते आहे."

कालघोष उठला, बसला, पुन्हा उठला. त्याच्याकडे कित्येक वर्षांत कोणी आलं नव्हतं, आणि ही उद्याही येईल की काय, हे त्याला कळेना. शेवटी त्याने ओंजळ भरली. रांजण दोन्हीकडून भरला. राजकन्येचा पाय सुटला, आणि महालात राजाने श्वास घेतला.

सावड पुन्हा सुरू करा अशी दवंडी कोणी पिटली नाही. पुढच्या हंगामात भिवरा नावाच्या एका विधवेने शेजारणीच्या शेतात पहिलं पाऊल टाकलं. दोघींची रास घरी आली. ते पाहून तिसरीने तसंच केलं, मग आळीने, मग गावाने. काही हट्टी घरीच बसले. त्यांच्या कणग्या रिकाम्या राहिल्या, आणि त्यांची मुलं शेजाऱ्यांचं पाहून शिकली.

एके सकाळी भिवराच्या शेतात राजा विळा घेऊन आला. ती गडबडली.

"महाराज, किती दिवस येणार?"

"ठाऊक नाही," राजा म्हणाला, आणि तिच्या शेजारची पात धरून कापायला वाकला.

त्यांच्या शिवारात सावड परतली, तशी तुमच्याआमच्या शिवारात परतो.