झोपेतले ठोके

"भंते, बसल्या जागी तुमचे ठोके किती पडतात?"

भंते शीलरत्न विहाराच्या अंगणात पिंपळाची पानं झाडत होते. खराटा थांबला नाही.

"कसले ठोके?"

"हृदयाचे. मिनिटाला किती?"

"कधी मोजले नाहीत रे."

हर्षल बोरस्तेला हे काही पटेना. उभा जन्म ध्यानाला बसणारा माणूस, आणि त्याला स्वतःचे ठोके माहीत नाहीत? आंबराई राखणाऱ्यानं आंबा कधी चाखलाच नाही म्हणावं, तसं झालं हे.

हर्षल नाशिकचा. कारखान्यातले सुटे भाग मापात आहेत की नाहीत, हे तपासायचं त्याचं काम. सकाळी तो धावायचा आणि चढाचा सराव म्हणून टेकडीवरच्या या विहारापर्यंत यायचा. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ असायचंच. त्याच्या धावणाऱ्या मित्रांमध्ये चहाच्या आधी एकच चौकशी असे, आज उठल्याउठल्या किती? जितके कमी, तितकी मान ताठ. हर्षलचे पन्नासाच्या खाली उतरले तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. हसू नका, खरंच वाटले होते.

आता तेच ठोके चढत चालले होते.

"पासष्टवर गेलेत, भंते. धावणं तेच, खाणं तेच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, झोप पुरेशी घ्या."

"मग घे की."

"...झोप कुठली!"

भंतेंनी खराटा पिंपळाला टेकवून ठेवला.

"का बरं?"

हर्षलनं मनगट पुढे केलं. "हे उठवतं. ठोके फार खाली गेले की हातावर थरथरतं. मीच तसं लावून ठेवलंय. गाढ झोप लागली की ठोके उतरतात, हे थरथरतं, आणि मी दचकून उठून बसतो."

"धावलं की ठोके कमी होतात म्हणतोस ना?"

"हो. तीच तर कमाई."

"म्हणजे तू जितका तयारीचा होशील, तितकं हे तुला जास्त उठवणार."

हर्षलनं घड्याळाकडे पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"डॉक्टरांना सांगितलंस हे?"

"नाही... आपलं हसं होईल म्हणून."

"मग झोपताना काढून ठेव."

"नाही काढता येत!"

आवाज एकदम चढला. मग तितकाच खाली आला.

"वडील झोपेतच गेले, भंते. मी शेजारच्या खोलीत होतो. सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं. आता मी त्यांच्याच वयाला आलोय... कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

भंतेंना वाईट वाटलं.

त्यांनी आपला हात पुढे केला.

"आण ते इकडे. माझे मोजू."

हर्षलला राहवेना. हे तर त्याला पहिल्यापासून हवंच होतं. त्यानं घाईघाईनं पट्टा सोडला आणि भंतेंच्या सुरकुतलेल्या मनगटावर बांधला. दोघं पडवीत बसले. आकडा उमटला.

ब्याऐंशी.

"चुकतंय काहीतरी. जरा शांत बसा."

भंते शांतच बसले होते.

"...ऐंशी. भंते, इतके?"

"म्हातारा झालो. त्यात सर्दी."

"आणि काळजी नाही वाटत?"

"आत्ता तर तू सांगितलंस. मला वेळ कुठे मिळाला?"

भंते उठले आणि पुन्हा झाडायला लागले. मध्येच थांबून मनगट डोळ्यांजवळ नेत.

"झाडताना नव्वदच्या वर जातं रे! असू दे माझ्याकडे थोडा वेळ. मजा आहे."

आता मागून कसं घ्यायचं? हर्षल खांबाला टेकून बसला. पट्ट्याखालची गोरी पडलेली कातडी त्याला उघडी उघडी वाटत होती. तो सवयीनं मनगटाकडे बघे आणि ओशाळे. मग दोन बोटं गळ्याशी नेऊन ठोका चाचपी. अंगणात खराट्याचा आवाज चालू होता, खरर... खरर... बोटं गळ्यावरून कधी घसरली, त्याला कळलं नाही.

खालच्या वस्तीतली एक बाई भंतेंसाठी जेवणाचा डबा घेऊन आली. भंतेंनी ओठांवर बोट ठेवलं. ती चपला हातात घेऊन पडवी चढली आणि डबा ठेवून तशीच गेली.

ऊन पायांवर आलं तेव्हा हर्षल जागा झाला. आधी मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं! धडपडत उठला.

"भंते! किती वेळ झोपलो मी?"

"माझं जेवण झालं. तुझं झाकून ठेवलंय."

"आणि ठोके? झोपेत माझे ठोके किती खाली गेले होते?"

भंतेंनी आपला हात वर करून दाखवला. घड्याळ तिथेच होतं.

हर्षलचा चेहरा उतरला.

"म्हणजे... इतका वेळ कुणीच बघत नव्हतं?"

"मी जेवत होतो."

हर्षलचा तळवा हळूहळू छातीवर गेला. तिथेच थांबला... बराच वेळ थांबला. पिंपळाचं एक पान झाडलेल्या अंगणात पडलं.

"चालू आहे?" भंतेंनी विचारलं.

"...आहे."

"मग हात धू. भाजी गार होतेय."