मोठ्याने ओरडणारी पिल्ले

सुवर्णतट नगरात राजा मंद्रघोष राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या वाडीत कोंबड्या पाळणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सोमिल. खुडूक कोंबड्यांखाली अंडी बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले काढायची आणि लोकांना विकायची, हा त्यांचा धंदा. सोमिल फार बोलत नसत. त्यांच्या वाटणीचे बोलणे त्यांची बायको तुंगा बोलून टाकी.

त्या वर्षी नगरात कोंबड्यांमध्ये मानमोडीची साथ आली आणि एकही कोंबडी वाचली नाही. अंडी मिळेनाशी झाली, ते लोकांनी सोसले. पण कोंबडे गेले आणि नगर उठेनासे झाले. गवळी उन्हे चढल्यावर धारा काढू लागले. राजसभा भरेपर्यंत जेवणाची वेळ होऊन जाई. राजा वैतागला आणि त्याने महोदराला बोलावले. महोदर हा राजाचा कुक्कुटाध्यक्ष, म्हणजे सरकारी कोंबड्यांवरचा अधिकारी.

"कोंबडे सांभाळणे तुझे काम होते," राजा म्हणाला. "आता कोंबडे नाहीत, तर त्यांचे काम तू कर. नवे कोंबडे आरवेपर्यंत रोज पहाटे बुरुजावर चढून तू आरवायचेस."

महोदर पन्नाशीचा, पोट सुटलेला, मानमरातब जपणारा माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे तो धापा टाकीत बुरुजावर चढला आणि आरवला. लोक उठले, पण उठण्याआधी हसले. भाजीवाल्या बायका त्याला वाटेत अडवून म्हणत, "काय कोंबडेबुवा, आज जरा उशीर केलात." घरी नातवंडे त्याच्यापुढे दाणे टाकू लागली. बिचाऱ्याला जगणे नकोसे झाले. पंधरा दिवस कसेबसे काढून तो सोमिलांच्या वाडीवर आला. साथ तिथवर पोचली नव्हती, पण विकायला मोठे कोंबडे नव्हते, पिल्लेच होती.

नेमकी त्याच दिवशी सोमिलांकडे शंभर पिल्ले निघालेली होती. पण ती खेप बिघडलेली होती. वाडीत मुंगूस शिरल्याने कोंबड्या वारंवार अंड्यांवरून उठत होत्या. अंडी गारठली आणि पिल्ले दोन दिवस उशिरा बाहेर आली. हे तुंगालाही ठाऊक होते, फक्त तिला ते आठवायचे नव्हते.

महोदराने टोपलीला कान लावला. आत पिल्ले जिवाच्या आकांताने ओरडत होती. त्याचा चेहरा फुलला.

"काय गळे आहेत एकेकाचे," तो म्हणाला. "हे कोंबडे झाले म्हणजे सारे नगर हलवतील. सगळी बांध."

"ही नेऊ नका, महाराज," सोमिल म्हणाले. "कमकुवत आहेत."

महोदर हसला. आपल्याच मालाला नावे ठेवणारा विक्रेता त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे हा भाव वाढवण्याचा नवाच डाव आहे, अशी त्याची खात्री झाली, आणि त्याला त्याचे कौतुकही वाटले.

"दुप्पट भाव देतो," तो म्हणाला.

"यांची बेंबी अजून मिटलेली नाही, ओली आहे. आठ दिवस काढणार नाहीत."

"वर एक रेशमी शेला."

"पाय पाहा, उभे राहताना फाकतात."

"पक्का आहेस हं तू. बरं, दुभती म्हैस देतो."

म्हैस ऐकताच तुंगा बाहेर आली. "अहो, पायांचे काय एवढे घेऊन बसलात," ती म्हणाली. "लहान आहेत. आपल्या थोरल्याचेही पाय लहानपणी फाकतच होते."

सोमिलांनी तिच्याकडे नुसते पाहिले आणि ती गप्प झाली. असे वर्षातून एखादेच वेळी घडे. मग त्यांनी टोपलीतले एक पिल्लू उचलले आणि तळहातावर उताणे ठेवले. पिल्लाने थोडे पाय झाडले आणि ते तसेच पडून राहिले. अंगणात एक कोंबडी आधीच्या खेपेची, दुसऱ्याला विकून झालेली पिल्ले घेऊन हिंडत होती. त्यांतले एक त्यांनी तसेच उताणे ठेवले. ते क्षणात उलटले, हातावरून उडी मारून पळाले आणि आईच्या पंखाखाली शिरले.

"पण ते ओरडले कुठे?" महोदर म्हणाला. "मुकी पिल्ले नेऊन मी काय करू?"

"पोट भरलेले आणि ऊब मिळालेले पिल्लू कशाला ओरडेल? टोपलीतली ओरडताहेत ती गारठ्याने."

"छे, आवाज आहे म्हणजे अंगात जोम आहे."

सोमिलांनी टोपलीवर घोंगडी टाकली. मग हळूच म्हणाले, "महाराज, पहाटे बुरुजावर आपण ओरडता ते सारे नगर ऐकते. तो आवाज जोमाचा असतो का?"

महोदर ओट्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले. "थंडी वाजते," तो म्हणाला, "आणि भीती वाटते. मरेपर्यंत हेच करावे लागेल, अशी."

सोमिलांना त्याची फार दया आली. त्यांनी तुंगाला त्याच्यासाठी गरम पेज आणायला सांगितली. "मुंगसाचा बंदोबस्त मी केला आहे," ते म्हणाले. "आज नवी अंडी बसवतो. एकवीस दिवस थांबा. मग एकेक पिल्लू स्वतः उताणे करून पाहा, आणि उठेल तेवढेच न्या."

"एकवीस दिवस, आणि वर ती आरवू लागेपर्यंत पाच महिने. तोवर माझे कसे व्हायचे?"

"ही नेलीत तर पाच महिने संपायचेच नाहीत."

हे महोदराला पटले. पेज पिऊन तो गेला. जाताना म्हशीचा विषय कुणी काढला नाही. तुंगाने मात्र पुढचे तीन दिवस नवऱ्याला न बोलता वाढले. सोमिलांनी ती दुबळी पिल्ले चुलीजवळ ठेवली, चोचीत थेंब थेंब पाणी घातले. थोडी जगली. बाकीची त्यांनी परसात पुरली.

एकविसाव्या दिवशी महोदर उजाडताच हजर झाला. अंगणात मांडी घालून त्याने शंभराहून जास्त पिल्ले तपासली. डोळे पाहिले, बेंबी पाहिली, प्रत्येकाला उताणे केले. नऊ पिल्ले त्याने इतक्या कडकपणे बाजूला काढली की सोमिलांना हसू आले. उरलेली त्याने नेहमीच्या भावाने नेली आणि स्वतःच्या हाताने वाढवली.

पाच महिन्यांनंतरची एक पहाट. महोदर बुरुजावर चढला, छाती भरून श्वास घेतला, आणि तेवढ्यात खाली राजाच्या अंगणात एक कोंबडा आरवला. मागोमाग दुसरा. मग कितीतरी. महोदराने तो श्वास हळूच सोडला, तिथेच पायरीवर बसला आणि मोकळेपणाने रडला. त्या दिवशी सारे नगर वेळेवर उठले. तो एकटा घरी जाऊन तिसऱ्या प्रहरापर्यंत झोपला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, दृढक नावाच्या भिक्षूमुळे सांगितली. आजारी भिक्षूंच्या सेवेला माणसे निवडण्याचे काम त्याच्याकडे होते. 'मी जातो, मी जातो' असे सर्वांत मोठ्याने म्हणणारे दहा जण त्याने निवडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एकही जागेवर नव्हता.

"मोठ्या आवाजाला जोम समजण्याची चूक दृढक आजच करतो आहे असे नाही," शास्ते म्हणाले. "तेव्हाचा महोदर हाच. राजा मंद्रघोष म्हणजे आपले गंभीर नावाचे वडीलधारे स्थविर, तुंगा म्हणजे उपासिका सुजया, आणि सोमिल मीच होतो. घेणाऱ्याने विचारण्याआधी आपल्या टोपलीतला दोष त्याला सांगावा, आणि तो ऐकत नसला तरी सांगत राहावे. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्यव्रताची परिपूर्णता."

दृढक उठला आणि आजाऱ्यांच्या कुटीत पाणी तापवायला गेला.