गौरीफळांची जाळी

एका राज्यात एक डोंगर होता आणि डोंगरावर गौरीफळांची जाळी होती. काटे वाघनखांसारखे, फळं तांबडी, दाणेदार, रसाने फुटायला आलेली. फुलांवर मधमाश्या येत, फळांवर बुलबुल आणि अस्वलं येत, काट्यांच्या आड सशाची पिल्लं निजत. माणूस मात्र तिकडे फिरकत नसे.

राजा भद्रसेनाला कळलं, की जाळीखाली एका मांत्रिकाने सोन्याचे सात हंडे पुरले आहेत. ऐन विणीच्या दिवसांत त्याने जाळी पेटवली. तीन दिवस डोंगर जळत होता. आतून आवाज येत होते. ते नगरात ऐकू आले तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली.

चौथ्या दिवशी हंडे निघाले. राजाने आणि चाळीस खणणाऱ्यांनी सोन्याला हात लावला, आणि उभ्या जागी त्यांची पावलं दगडाची झाली. दर पौर्णिमेच्या पहाटे दगड तीन बोटं वर चढू लागला. पाखरं राज्य सोडून गेली. मग अळी माजली आणि उभं पीक फस्त झालं.

राजकन्या चारुमती राखेत हिंडत होती. तिथे पंख होरपळलेली एक बुलबुल बसली होती. ती बोलली, "तीन कामं करशील?"

"करीन."

"पलीकडच्या खोऱ्यातल्या अस्वलिणीकडून जाळीचं जितं मूळ आण. ते या राखेत उघड्या हातांनी लाव. आणि पहिल्या बहरातलं एक फळही माणसाच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. मुकी जनावरं जेवली, की शाप उतरेल."

चारुमती खोऱ्यात गेली.

"तुझ्या बापाच्या आगीत माझी दोन पिल्लं गेली," अस्वलीण म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग कशाला आलीस?"

"मूळ मागायला."

अस्वलिणीने पंजा मारला. चारुमतीचा गाल कानापर्यंत फाटला, पण ती जागची हलली नाही. अस्वलिणीने मूळ उकरून तिच्यापुढे टाकलं.

चारुमतीने ते राखेत लावलं, नदीचं पाणी वाहून घातलं. वर्ष सरलं. हिरव्या काठ्या उंच वाढल्या, काटे आले, फळ एकही नाही. बुलबुल म्हणाली, "ही काठी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते." त्या दुष्काळात खणणाऱ्यांपैकी अकरा जण उभ्याउभ्याच उपाशी मेले.

दुसऱ्या वर्षी जाळी तांबडी झाली. तोवर दगड ठेंगण्या राजाच्या गळ्याशी आला होता, बाकीच्यांच्या छातीशी. पौर्णिमा एका दिवसावर होती आणि एकही जनावर फिरकत नव्हतं.

राजाची जीभ कोरडी पडली होती. "मुली, एक फळ दे."

"देता येत नाही, महाराज."

त्याने जाळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू इथून जा. माणूस उभा असला, की ती यायची नाहीत. आम्ही दगडात जमा."

"तुम्ही सगळे एकटे पडाल."

"जा, पोरी."

ती डोंगर उतरली. मागे वळून पाहिलं तर पाय थांबतील, म्हणून तिने पाहिलं नाही.

पहाटे दगड राजाच्या ओठांवरून नाकावर चढला. उजाडलं तेव्हा आकाशातून पाखरांचा थवा उतरला. खोऱ्यातून अस्वलीण आली, पाठोपाठ ससे आले. उन्हं चढेपर्यंत ती सगळी जेवत होती. एकोणतीस जणांच्या अंगावरून दगड उतरला आणि ते मातीत कोसळून रडू लागले. राजाच्या अंगावरूनही दगड उतरला. पण आत प्राण उरला नव्हता.

चारुमतीने बापाला अग्नी दिला, हंडे होते तिथेच पुरले. पाखरांनी अळी वेचली, शेतात पुन्हा दाणा धरला. ती राणी झाली. पहिली आज्ञा तिने दरबारात दिली नाही. त्या अकरा घरांच्या दारांत जाऊन, मान खाली घालून, तिने ती स्वतः सांगितली: डोंगरावर आता कुऱ्हाड जाणार नाही, आग जाणार नाही.

जयजयकार कोणी केला नाही. शेवटच्या दारातल्या म्हातारीने मात्र तिला आत बोलावलं, बसायला घोंगडी दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.