आठवी पाठ

“पाठीवर नुसता हात ठेवून काय कळतं, काका?” सुमेधने विचारलं.

चौलकर डॉक्टर हसले फक्त. गावच्या कबड्डी संघासाठी अडतीस वर्षं ते मैदानाच्या कडेला बसत आले होते. सामन्याआधी सातही खेळाडू त्यांच्यापुढे पाठमोरे येऊन वाकत आणि एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत. डॉक्टर उघड्या पाठीवर तळवा टेकवत. ते ‘जा’ म्हणाले, तरच पाऊल मैदानात पडे.

सुमेध रणदिवे शहरातून खेळाडूंच्या दुखापतींचं शिक्षण घेऊन आला होता. हुशार होता, पण ते सांगायची घाईही दांडगी. उपांत्य सामन्यात दत्तू नाखव्याचं डोकं आपटलं, रात्री दोनदा उलटी झाली. तरीही “किरकोळ आहे, खेळेल अंतिम सामना,” असं सुमेधने मंडळाला परस्पर सांगून टाकलं होतं.

“आज तू बस माझ्या जागी,” काका म्हणाले. “डोळे मिटून.”

सूर्य खाडीत उतरत होता. पाठी येऊ लागल्या. गरम, घामेजलेल्या. सुमेध मनात मोजत होता आणि प्रत्येकाला ‘जा’ म्हणत होता. सातवी दत्तूची.

“मना काय झायला नाय, डॉक्टर.”

“जा.”

मग आठवी पाठ आली.

थंडगार. ओली. तिच्यातून दमाचा आवाज येत नव्हता...

सुमेधने डोळे उघडले. पुढ्यात कोणीच नव्हतं. सातही जण मैदानात उभे होते. त्याच्या तळव्याला मात्र ओली माती लागली होती, आणि मैदान तर ठणठणीत कोरडं होतं. त्याला भीती वाटली. अगदी लहान मुलासारखी.

“काका... आठवा कोण?”

“डोकं आपटलं होतं त्याचं. ‘किरकोळ आहे’ म्हणालो होतो मी.”

“मग?”

“दुसरी चढाई करून परत आला. रेषेला हात लावला, आणि तिथेच पडला. उठला नाही.”



पंचाने शिट्टी तोंडाला लावली. सुमेध धावतच मैदानात शिरला आणि त्याने दत्तूचा दंड धरला.

“बाहेर चल. तू खेळायचं नाहीस.”

“काल तर तुमीच हो बोल्लाव!”

“चुकलो.”

लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मंडळाचे अध्यक्ष तर अंगावर धावून आले. सुमेधने दत्तूला बाकावर बसवलं आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला. राखीव खेळाडू आत गेला. सामना सुरू झाला.

सुमेधचा दुसरा तळवा तसाच पुढे राहिला होता. तो अजून गारठलेला होता.

“काका,” तो हळूच म्हणाला, “तो गेला नाही. वाकून उभाच आहे.”

“रोजच असतो.”

“त्याला काय सांगू?”



“‘नको’ म्हण. माझ्या तोंडून त्याने ‘जा’ ऐकलंय.”