भुंकलं म्हनून लाथ

लई जुनी गोष्ट हाय. राज्य कुनाचं व्हतं ते आता कुनाला ठावं न्हाई.

एका माळावर दोन मेंढके ऱ्हायचे. एक डोक्यानं तापट, दुसरा थंड. दोघांची कुत्री एकाच कुत्रीच्या पोटची.

तापट्याच्या बायकूला दूध नव्हतं. घरात तान्ही लेक. ती जगायची कळपातल्या एका शेळीच्या दुधावर.

तापट्या दुपारी बाभळीखाली झोपायचा. कुत्रं भुंकलं की उठून बघायचा. ससा दिसला की घातलीच पेकाटात लाथ. "हरामखोरा, सशासाठी झोप मोडतोस व्हय?"

तीनचारदा लाथा खाल्ल्या अन् कुत्री गप बसायला शिकली.

मग एक दिस लांडगा आला, कोकरू घेऊन गेला. कुत्री मान खाली घालून बघत बसली. तापट्या एका कुत्र्याला कानाला धरून शेजाऱ्याकडं गेला.

"हे भित्रं घे अन् तुझं एक दे. माझ्या नशिबालाच समदी असली."

थंड मेंढका म्हनला, "ने बाबा. कुत्रं बदलून नशीब बदलतंय का बघ."

नवं कुत्रं त्याच दुपारी मुंगसावर भुंकलं. लाथ बसली. जुनं कुत्रं हळूच म्हनलं, "गड्या, हितं तोंड फकस्त खायाला उघडायचं."

"अन् लांडगा आला तर?"

"शेळी मालकाची. पेकाट आपलं."

पंधरा दिसांत नवं बी गप झालं.

लांडगा पुन्हा आला. दिवसाढवळ्या आला. या टायमाला त्यानं शेळीच नेली.

घरात लेक भुकेनं रडायला लागली. तापट्यानं काठी उचलली अन् शेजाऱ्याकडं निघाला, भांडायला. 'मला मुद्दाम निकामी कुत्रं दिलं' म्हनून.

लांबूनच भुंकनं ऐकू आलं. बघतो तर त्याचंच भित्रं कुत्रं! छाती काढून झुडपापुढं उभं. थंड मेंढका ताटावरनं उठला, झुडपात बघून आला. ससा व्हता. त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला. "असू दे. भुंकलास ते बरं केलंस." अन् हातातली भाकर मोडून त्याला घातली.

तेवढ्यात कुत्र्याला तापट्या दिसला. भुंकनं जागीच थांबलं. शेपूट पायात गेलं. पोट भुईला टेकलं.

थंड मेंढक्यानं ते बघितलं. खाली बसून कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर तापट्याला बरं वाटलं असतं. वर मान करायला जागा तरी ऱ्हायली असती.

काठी हातातनं गळाली. तापट्या म्हनला, "पोरगी उपाशी हाय."

शेजाऱ्यानं आपली शेळी सोडली, दावं त्याच्या हातात दिलं. भांडायला आलेला गडी कुनाच्या डोळ्याला डोळा न देता घरी गेला.

त्यानं पुन्हा कुत्र्याला लाथ मारली न्हाई. पन त्याची कुत्री मरेस्तोवर भुंकली न्हाईत.

बोध: मानूस असू दे का जनावर, जसल्याच्या संगतीला ऱ्हातं तसंच घडतं, म्हनून दुसऱ्याला भित्रं म्हनायच्या आधी आपली संगत त्याला कशी लागली ते बघावं.