रंग गेल्यावरचं पाणी

"आणि हेही मेले तर मी काय करू, अण्णा?"

अनिरुद्ध रंगखान्याच्या सांडपाण्याच्या हौदाशी उकिडवा बसला होता. हौद लालभडक. रंग खाणारे बारीक जंतू त्यानं पुण्याहून बरणीत वाढवून आणले होते. तीनदा ओतले, तीनदा मेले. आज चौथ्यांदा ओतले होते.

खालच्या वस्तीच्या विहिरीत हेच पाणी झिरपायचं. दिवाळीला तुमची विहीर नितळ करून देतो, असा शब्द त्यानं तिथल्या बायांना दिला होता. दिवाळी होऊन गेली...

लिंबाजीअण्णा जुने रंगारी. निळीच्या रांजणांवर जन्म गेला, नखं अजून निळी. मी तिथं राखणीला होतो, म्हणून हे कानावर आलं.

"पाहुण्यांना इथलं पाणी मानवलं नाही वाटतं," अण्णा म्हणाले.

"थट्टा नका करू. सात वर्षं शिकलोय मी हे."

"बरं..."

अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले. नाल्याच्या तोंडाशी, जिथं वीस वर्षं ते लाल पाणी पडत होतं, तिथला काळा गाळ त्यांनी घमेलंभर काढला आणि हौदात ओतला.

"अहो, घाण टाकताय!"

"नवा रांजण लावताना आम्ही जुन्याच्या तळचा गाळ मागून आणायचो. त्याला सवय असते."

मग पाण्यात हवा सोडणारं यंत्र त्यांनी बंद केलं.

"अण्णा! गुदमरतील ते."

"आमचे रांजण झाकलेलेच असायचे."

हौदावर गोणपाटं पडली. अनिरुद्ध घडीघडी कोपरा उचलून बघायचा. तिसऱ्या दिवशी अण्णा त्या कोपऱ्यावरच येऊन बसले.

नवव्या दिवशी दुपारी गोणपाट निघालं.

लाल गेलं होतं. पाणी पेजेसारखं फिकट. अनिरुद्ध नाल्याकडच्या फळीशी धावला.

"फळी उचलतो, अण्णा. सोडून देतो नाल्यात."

अण्णांनी हौदातून लोटा भरला, त्याच्यापुढं धरला.

"पी."

त्यानं लोटा तोंडाशी नेला. वास घेतला. हळूच खाली ठेवला.

"पण रंग तर गेला..."

"माझ्या रांजणात निळा कधी दिसलाच नाही. पिवळट-हिरवट पाणी. फडकं बुडवून वर काढलं, वारा लागला, की निळं."

अनिरुद्ध पाण्याकडं बघत राहिला.

"मग आता?"

"आता यंत्र लाव."

"म्हणजे... मी आधी करत होतो तेच?"

"तेच. लाल फोडायला झाकण लागलं, उरलेलं खायला त्यांना वारा लागेल."

त्यानं यंत्र लावलं. पाणी बुडबुडायला लागलं. तो भिंतीला टेकून खाली बसला, डोकं गुडघ्यांत घातलं.

"बाया रोज वाटेत अडवतात. कालची म्हातारी तर नुसती रिकामी घागर दाखवून गेली. त्यांना किती दिवस सांगू, अण्णा? मला आता उभंसुद्धा राहवत नाही..."

अण्णांनी एक कोरडं गोणपाट झटकलं. चौघडी करून त्याच्या शेजारी उशीला ठेवलं.

"तू नीज. हौदातल्यांचं जेवण अजून चाललंय."