कर्कटाच्या घरचे मीठ

पूर्वी वेणुमती नगरीत अरिंदम राजाचे राज्य चालू होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका योद्ध्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव अभयकेतू. डाव्या पायात सोन्याचा तोडर. आता हा तोडर म्हणजे नुसता दागिना नव्हे. दिलेला शब्द ज्याने कधी मोडला नाही त्यानेच तो घालायचा, आणि मोडलाच तर भर सभेत आपल्या हाताने काढून ठेवायचा. मग बसायची जागा सभेबाहेर, पालखीच्या भोयांशेजारी. अभयकेतूचा तोडर आजोबांपासून चालत आलेला. त्याच्या पायात घालताना आईने तो पदराने दोनदा पुसला होता.

नगरीच्या उत्तरेला एक घाट होता. तिथे कर्कट नावाचा राक्षसासारखा माणूस वाट अडवतो, व्यापाऱ्यांवर सोटा घेऊन धावतो, असे सगळे सांगत. घाटाखाली व्यापाऱ्यांची प्रेतेही सापडली होती. सात योद्धे त्याला मारायला गेले आणि सातही हात हलवत परतले. एक म्हणाला, तो ताडाएवढा उंच आहे. दुसरा म्हणाला, वार केला की धुके होऊन विरतो. सेनापती चंडवर्माने तर त्याचे दात मोजले होते म्हणे.

राजाने आठव्यांदा सभेत चांदीच्या तबकात विडा ठेवला. जो विडा उचलील त्याने कर्कटाला मारायचे. "पौर्णिमेपर्यंत हे झालं नाही," राजा म्हणाला, "तर हत्ती घालून त्या घाटातलं रान तुडवीन आणि उरलेलं जाळीन."

अभयकेतूने विडा उचलला.

पाच दिवस तो चालत होता. ताडाएवढे कुणी दिसेना. सहाव्या दिवशी दुपारी, पोटात काही नसताना, एक झोपडी दिसली. दारात एक म्हातारी नाचणी पाखडत होती.

"या. हातपाय धुवा," ती म्हणाली. "आणि ती तलवार आधी काढून ठेवा, ताटात बुडेल."

त्या रानातली रीत अशी की पाहुणा जेवेपर्यंत त्याचे नाव विचारायचे नाही आणि आपलेही सांगायचे नाही. उपाशी माणसाला काय विचारायचे? म्हातारीने भाकरी वाढली, अंबाडीची भाजी वाढली, कडेला मिठाचा खडा ठेवला. तिचा नवरा खोकत खोकत लाकडे घेऊन आला आणि शेजारी बसला. अभयकेतू तीन भाकऱ्या जेवला.

हात धुतल्यावर म्हाताऱ्याने विचारले, "कोण आपण? कुणाकडे निघालात?"

"मी वेणुमतीचा अभयकेतू. कर्कटाच्या शोधात आहे."

"मीच की तो."

अभयकेतूने आधी त्याच्याकडे पाहिले, मग मागे वळून पाहिले. आणखी कुणीच नव्हते.

"हे आठवे," म्हातारी भांडी गोळा करत म्हणाली. "मी म्हणत होते, आधी नाव सांगत जा. पण ऐकतील तर ना."

"व्यापाऱ्यांना का मारता?" अभयकेतूने विचारले.

"मारत नाही हो. पावसाळ्यात डोंगर सुटतो, दरड खाली येते. आमचा मुलगा तसाच गेला. मी ओरडतो, सोटा उगारतो. घाबरून मागे फिरतात ते वाचतात. जे दामटून पुढे जातात त्यांचं मी काय करणार?"

अभयकेतू अंगणात जाऊन बसला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर शस्त्र धरायचे नाही, हा तोडराचाच नियम. उचललेला विडा खाली टाकायचा नाही, हाही तोडराचाच. मारले तर तोडर जातो, न मारले तरी जातो. त्याने खूप डोके चालवले, पण दोन्ही वाटा तिथेच येत होत्या. शेवटी त्याला एवढेच उमगले, की तोडर तर गेलाच; माणूस गेला पाहिजे असे नाही.

तो परत निघाला. पौर्णिमेच्या सकाळी वेशीबाहेर चंडवर्मा वाट पाहत उभा होता.

"जेवलास ना?" त्याने हळूच विचारले.

अभयकेतू गोंधळून बघतच राहिला.

"आम्ही सगळेच जेवलो. म्हातारी आहे ना अजून?"

"आहे."

"बरं झालं. हे बघ बाळा, सांग की तो धुक्यात विरला. तुझं जात काय?"

"माझं नाही. त्यांचं रान जाईल, सेनापती. तीही जातील."

चंडवर्मा वाटेतून बाजूला झाला.

सभेत अभयकेतूने खाली बसून तोडर काढला आणि तबकाशेजारी ठेवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. भाकऱ्या किती खाल्ल्या तेही.

"म्हणजे तू घाबरलास?" राजाने विचारले.

"नाही महाराज, गोंधळलो. अजूनही थोडा गोंधळलेलाच आहे."

"आणि तो उंच किती आहे?"

"माझ्या खांद्याला लागतो. वाकला आहे, त्यामुळे थोडा कमीच."

कुणी हसले नाही. अभयकेतू उठून बाहेर गेला आणि भोयांशेजारी बसला. तेवढ्यात आत सोने फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. एकेक योद्धा मान खाली घालून बाहेर येऊ लागला. चंडवर्मा सर्वांत शेवटी आला. पाय सुजलेला, तोडर निघेना, तेल मागवावे लागले.

आत रिकाम्या सभेत राजा एकटा उरला. थोड्या वेळाने तोही बाहेर आला. कुठे बसावे हे त्याला कळेना. मग तो पायरीवर, अभयकेतूच्या शेजारी बसला.

"हत्ती परत बांधा," तो म्हणाला. "आणि त्या घाटात पावसाळाभर कुणी पहारा द्यायचा, ते मला सांगा. म्हाताऱ्याला खोकला आहे म्हणता ना?"

आठही जण उभे राहिले. या वेळी विडा ठेवावा लागला नाही.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "ध्यानात डुलकी लागली तरी समाधी लागली होती असे सांगणारा आपला पुष्कर तेव्हा चंडवर्मा होता. आत्ता त्याला हसणारे तुम्ही ते बाकीचे सहा योद्धे. विहाराच्या दाराशी प्रत्येकाला 'जेवलात का' विचारणारी उपासिका ती म्हातारी, आणि तिचा नवरा कर्कट. आज ज्याने आपल्याला ही बाग दिली तो राजा अरिंदम. अभयकेतू मीच होतो."

पुष्कर लाजला. मग उठून म्हणाला, "भंते, काल मी झोपलो होतो."

ही सत्यपारमितेची कथा.